खाली बसायची परवानगी

समाजात मान मिळतो तो त्यागाने, विद्वत्तेने आणि चारित्र्याने, असं सगळ्या संतांनी आणि बहुतेक माजी सरपंचांनी सांगून ठेवलं आहे. रंभाजी निमसे यांना तो उजव्या खुब्यामुळे मिळाला.

अठरा वर्षांपूर्वी, पन्नाशीच्या तोंडावर, त्यांचा खुबा कामातून गेला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, तो आतून भुसभुशीत झालाय, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि खराब गोळा काढून तिथे सिरॅमिकचा बसवला. तो ज्या वाटीत फिरतो, तिचं अस्तरही सिरॅमिकचंच. गावात या बातमीचं रूपांतर ‘नानाच्या खुब्यात चिनी माती बसवली’ असं झालं. पुढे वर्षभर टपरीवर कुणी कपबशी जरा जोरात आपटली, की लोक आधी कपाकडे आणि मग नानांकडे काळजीने बघत.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही.” रंभाजींनी मान हलवली. डॉक्टर त्यापुढेही एक वाक्य बोलले होते. पण तेव्हा रंभाजी गाडी आली का ते बघत होते.

तोपर्यंत रंभाजी निमसे म्हणजे गावातला सगळ्यात न दिसणारा माणूस. राहुरीकडच्या मुळा नदीकाठच्या गावात लग्न असो, ग्रामसभा असो की कुणाचा दहावा, ते शेवटच्या सतरंजीच्या शेवटच्या टोकाला, चपलांपाशी बसायचे. नावाने ओळखणारे थोडे. “ते चपलांपाशी बसत्यात ते,” एवढी ओळख पुरायची.

ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा घराबाहेर पडले ते नदीकाठी एका दहाव्याला. आपल्याकडे दहाव्याला पिंडदान जेवढा वेळ चालतं, त्याच्या तिप्पट वेळ श्रद्धांजलीची भाषणं चालतात. माणूस हयातभर कुणाला माहीत नसला, तरी दहाव्याला त्याच्यावर माजी सभापती बोलतो. तर त्या दिवशी खाली बसता येत नाही म्हणून रंभाजींसाठी टपरीवरून एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणली. अख्खं गाव सतरंजीवर आणि मधोमध एकटे रंभाजी वर. माइक होता आसाराम गुरुजींकडे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावचा माइक त्यांच्याकडेच असतो. गुरुजींना लांबचं नीट दिसत नाही. पण जो वर बसलाय तो कुणीतरी आहे, एवढं जगाचं ज्ञान त्यांना होतं.

“यानंतर आपल्या परिसरातील ज्येष्ठ मार्गदर्शक श्रद्धांजली अर्पण करतील,” गुरुजी म्हणाले आणि माइक खुर्चीपुढे आला.

रंभाजी उठले. उठताना नव्या खुब्यातून ‘कुईं’ असा बारीक आवाज निघाला, तो माइकमध्ये गेला आणि भोंग्यातून नदीपार पोचला. सतरंजीवरच्या सगळ्या माना वर झाल्या. रंभाजी म्हणाले, “माणूस चांगला हुता. गेला. वाईट झालं.” आणि बसले.

इतकं आटोपशीर भाषण त्या घाटावर कधी झालं नव्हतं. जेवताना लोक त्याचीच चर्चा करत होते.

पुढच्या दहाव्याला खुर्ची आधीच मांडून ठेवलेली होती. मग लग्नांत आशीर्वादाला बोलावणं आलं, फेटे आले, शाली आल्या. मग ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष झाले. भांडणारे दोन भाऊ खाली बसत आणि रंभाजी वर. वर बसलेल्याला खालच्यांची टकलं दिसतात, आणि ज्याचं टक्कल आपण वरून पाहिलं त्याचा फार राग येत नाही. त्यामुळे रंभाजींचे निवाडे समतोल असत. निवाडाही बहुधा एकच असायचा: “भावाभावांत बरं दिसत न्हाई.” अठरा वर्षं हे असं चाललं. त्या काळात रंभाजींनी कसलाही नवा गुण आत्मसात केला नाही. फक्त खाली बसले नाहीत.

घरातही ते टेबलावर जेवत. गीताबाई खाली बसून भाकरी थापत, शेंगा फोडत, डाळ निवडत, आणि रंभाजी वरून बघत. एखादा खडा राहिला तर दाखवत.

यंदा संक्रांतीनंतर गीताबाईंनीच त्यांना नगरला तपासायला नेलं. कारण तोच आवाज. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं, कंडक्टर ‘नगर, नगर’ ओरडत होता आणि दोघंही बरोबर जागी उतरले. जुने डॉक्टर आता नव्हते. त्यांच्या जागी हर्षल नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर तो मोठा करून बघताना त्यांचा चेहरा शेतकऱ्याने दुसऱ्याचा ऊस बघावा तसा झाला.

“काका, फार सुंदर आहे हो.”

“सुंदर?” गीताबाईंनी पडद्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

“अठरा वर्षं झाली, आणि गोळा वाटीत जिथे होता तिथेच. प्लॅस्टिकची वाटी असती तर इतक्या काळात थोडी तरी झीज दिसली असती. सिरॅमिकवर सिरॅमिक असलं की झीज नावापुरती. हाडानेही छान धरून ठेवलंय.”

“पन आवाज करतं की ते. पाळन्यावानी. रातच्याला हे कुशीवर वळले की मला वाटतं, कुनी दार ढकललं.”

“काही जणांना येतो असा आवाज. दुखत नाही ना? मग काळजी नको. वर्षाला एकदा दाखवून जायचं.”

“फुटनार तर न्हाई?” रंभाजींनी विचारलं.

“फार क्वचित. पडायचं मात्र नाही.”

“आनि चालंल किती वर्षं?”

“तुमच्यापेक्षा जास्त,” डॉक्टर उत्साहाने म्हणाले, आणि मग जरा थांबून, “म्हणजे, तुम्हाला पुरेल.” विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, “मांडी घालून बसता ना आरामात?”

“छ्या! डॉक्टरांनी मनाई केलीय.”

“कोणत्या डॉक्टरांनी?”

“तुमच्या आधीच्या. खाली बसायचं न्हाई म्हनले.”

“काका, ती मनाई तीन महिन्यांची असते. नवा सांधा रुळेपर्यंत. त्यांनी सांगितलं असेल की.”

गीताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. अठरा वर्षांच्या शेंगा, डाळी आणि तांदूळ त्या नजरेत होते.

“बसून बघा,” डॉक्टरांनी व्यायामाची चटई अंथरली. “सावकाश. टेबलाला धरा.”

रंभाजी बसले. आधी डावा पाय, मग उजवा. कुईं झालं. मांडी पडली. फार देखणी नव्हती, पण होती मांडीच. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी मोबाईल काढला. “परिषदेत दाखवतो. इतक्या वर्षांनंतरचे पेशंट सापडत नाहीत हो सहसा. चालेल ना?”

समोर कॅमेरा आणि ऐकायला माणसं असताना नाही म्हणायची सवय रंभाजींना उरली नव्हती. ते मांडीवर हात ठेवून म्हणाले, “मी रंभाजी निमसे. मला खाली बसता येतं. कसलाच त्रास न्हाई. सगळ्यांनी याचा लाभ घ्यावा.”

आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते परतीच्या एसटीत, कृषी विद्यापीठाच्या थोडं अलीकडे.

“आवं,” गीताबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “उद्या शेंगा काढायच्यात पोत्यातनं. दोघं बसलो तर दुपारपत्तूर हुतील.”

“हे बघ, गावात बोलू नको कुठं.”

“काय बोलू नको?”

“खाली बसता येतं ते.”

“आन् का?”

रंभाजींनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आगं, खाली बसलो तर मला कोन विचारतंय?”

हे वाक्य त्यांनी याआधी स्वतःशीही उच्चारलं नव्हतं. गीताबाईंनी ते ऐकलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “मी न्हाई बोलनार. पन शेंगा तेवढ्या फोडाव्या लागतील. दार लावून बसू.”

म्हणजे करार झाला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी दार लावून गावचे तंटामुक्ती अध्यक्ष शेंगा फोडत होते, आणि गीताबाई एखादा टरफलाचा तुकडा राहिला तर दाखवत होत्या.

गुपित गीताबाईंकडून फुटलं नाही. ते पंकजकडून फुटलं. पंकज हा रंभाजींचा मुलगा. दवाखान्याने तो व्हिडिओ कौतुकाने पेशंटच्या घरच्या नंबरवर धाडला, आणि घरचा नंबर पंकजचा. पंकजला वडिलांचा अभिमान होता. त्याने तो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘आमच्या नानांना परमेश्वर उदंड आयुष्य देवो.’ आणि हे त्याने अशा संध्याकाळी केलं, की ज्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामहरी आबांचा दहावा होता.

रामहरी आबा म्हणजे मोठं घर. चार मुलं, लांबलचक भाऊकी, साखर कारखान्यात ओळखी. असा दहावा वर्षातून एखादाच होतो. रंभाजींनी भाषण तयारही ठेवलं होतं. ‘माणूस चांगला’च्या जागी ‘माणूस लई चांगला’ म्हणायचं त्यांनी योजलं होतं.

“काढून टाक ते,” ते पंकजला म्हणाले.

“आता काय काढता नाना, गेलं सगळ्यांकडं. एवढं काय त्यात? चांगलंच हाय की.”

“कुनी काय बोललं का त्यावर?”

“अंगठे आलेत.”

अंगठ्यांवरून माणसाच्या मनातलं कळत नाही. सकाळी रंभाजी आवरू लागले तेव्हा त्यांनी माळ्यावरून जुनी काठी काढली आणि अंगणात जरा लंगडून पाहिलं. गीताबाई चुलीपुढून बघत होत्या.

“त्या पायानं न्हाई,” त्या म्हणाल्या. “खुबा उजवा हाय तुमचा.”

रंभाजींनी काठी परत ठेवली. जे होईल ते होईल म्हणून ते निघाले.

घाटावर पोचले आणि जागच्या जागी थांबले. मांडवात सतरंजी नव्हती. खुर्च्या होत्या. पांढऱ्या, एकासारख्या एक, पार नदीच्या उतारापर्यंत, आणि त्यांवर अख्खं गाव बसलं होतं. म्हातारे बसले होते, कालची पोरं बसली होती. टपरीवाला बसला होता. ज्याचं टक्कल रंभाजींनी तंट्यात वरून पाहिलं होतं, तो त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून “रामराम नाना” म्हणाला. खुर्च्यांमुळे कुणी चपलाही काढल्या नव्हत्या.

रंभाजींच्या मनात शंका उरली नाही. गावाने व्हिडिओ पाहिला होता, आणि गावाने उत्तर दिलं होतं. कुणी तोंडावर बोललं नाही, भांडलं नाही. फक्त सगळे वर येऊन बसले. त्यांना गावाचा रागही आला आणि थोडा आदरही वाटला. एवढी एकजूट पाण्याच्या टाकीसाठी कधी दिसली नव्हती.

मागे, खांबाला टेकून ठेवलेली एक खुर्ची मिळाली. तिथून त्यांना फक्त पाठी दिसत होत्या.

भाषणं सुरू झाली. आसाराम गुरुजींनी डोळे बारीक करून पाहिलं, तर सगळेच वर. त्यांची मोठी अडचण झाली. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्यांना ओळीने बोलवायला सुरुवात केली. पहिली रांग लवकर आलेल्यांची होती. सोसायटीचे चेअरमन बोलले, ते ठीक. त्यांच्यानंतर बोअरवेलच्या गाडीचा मॅनेजर बोलला. तो तामिळनाडूचा होता आणि पाणी प्यायला म्हणून आत आला होता. गुरुजींनी त्याला ‘जलक्षेत्रातील मान्यवर’ म्हणून पाचारण केलं. तो हात जोडून हिंदीत म्हणाला, “बहुत अच्छा आदमी था,” आणि लोकांनी माना डोलावल्या.

हे रंभाजींना लागलं. ते त्यांचं वाक्य होतं.

खांबामागे बसून त्यांनी थोडा विचार केला. अठरा वर्षांत त्यांनी फारसा विचार केला नव्हता, त्यामुळे तो ताजाच होता. सगळे खाली होते तेव्हा जो वर होता तो दिसत होता. आता सगळे वर आहेत. तेव्हा दिसायचं असेल तर काय केलं पाहिजे, हे उघड होतं. आणि तसं करण्याची वैद्यकीय परवानगी त्यांच्याकडे होती.

ते उठले, मांडवाच्या कडेने चालत पार पुढे गेले आणि गुरुजींच्या समोर, नदीच्या वाळूत, भाऊकीतली माणसं बसली होती त्या जुन्या बारदानाच्या टोकाला, सगळ्यांदेखत सावकाश खाली बसले. कुईं झालं, पण भोंग्यावर शेतकी खात्यातले कुणीतरी बोलत होते. रंभाजींनी मांडी नीट केली, पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघू लागले.

डोक्यावर गार पाणी पडलं.

भाऊकीतल्यांची डोकी करायला राहुरीच्या स्टँडजवळच्या सलूनमधून गोरक्ष आला होता. तो गावचा नव्हता, एका कानात त्याची गाण्याची तार होती, आणि त्याला सांगितलं होतं एवढंच, की बारदानावर बसलेल्या सगळ्यांची डोकी करायची. रंभाजींनी डोळे उघडेपर्यंत वस्तरा कपाळापासून शेंडीपर्यंत एकदा जाऊन आला होता.

“आरं, मी—”

“हालू नका बाबा, लागंल,” गोरक्ष म्हणाला. “जवळचे हुते का?”

रंभाजींनी डोक्यावरून हात फिरवला. मधोमध एक स्वच्छ पांदण पडली होती. आता भाऊकीतला नाही म्हणून उठावं, तर ही पांदण घेऊन सगळ्या गावापुढून खांबापर्यंत चालत जावं लागलं असतं. अर्धं डोकं झाल्यावर नातं नाकारण्यात अर्थ नसतो.

“व्हय,” ते म्हणाले. “लई जवळचे.”

“मिशी?”

“आता ती तरी कशाला ठेवतो.”

डोकं झालं. आबांचा थोरला मुलगा पलीकडेच बसला होता. त्याने वळून पाहिलं, तर नाना, गुळगुळीत. त्याला भरून आलं. त्याने रंभाजींना मिठी मारली आणि तो मोठ्याने म्हणाला, “सख्ख्या चुलत्यानं डोकं केलं न्हाई ओ! गुडघ्याचं निमित्त सांगून खुर्चीत बसलाय! आन् नाना तुमी...” तो सख्खा चुलता दुसऱ्या रांगेत होता. त्याने नदीकडे बघायला सुरुवात केली.

ते रडणं ऐकून गुरुजींचं लक्ष गेलं. ते चार पावलं पुढे आले, चष्मा वर-खाली करून त्यांनी ओळख पटवली आणि माइकवर आले. रंभाजींनी पाय सोडवायला घेतले.

“बंधूंनो,” गुरुजींचा आवाज जड झाला होता, “आपल्या परिसराचे ज्येष्ठ मार्गदर्शक नाना आज स्वतः दुःखात आहेत. शोकात असलेल्या माणसाला आपण बोलायला लावत नाही, ही आपली रीत आहे. त्यांच्या वतीने मी दोन शब्द बोलतो.”

ते बरेच बोलले. रंभाजी भाऊकीबरोबर हात जोडून बसून राहिले आणि लोक रांगेने येऊन त्यांचंही सांत्वन करून गेले. बोअरवेलवाला मॅनेजरही पाया पडला.

विधी उरकल्यावर बायकांच्या बाजूने गीताबाई आल्या. त्यांनी नवऱ्याचं डोकं पाहिलं, मिशीची जागा पाहिली.

“आपल्यात कोन गेलं?” त्यांनी विचारलं.

“कुनी न्हाई.”

“मंग?”

“पुढं बसलो हुतो.”

गीताबाईंनी पिशवीतून टॉवेल काढला आणि त्यांच्या डोक्यावर टाकला. “ऊन लागंल,” म्हणाल्या. “आन् बोलायला दिलं का?”

“न्हाई.”

“बरं झालं. दर वेळंला तेच बोलता.” हे त्या अशा सुरात म्हणाल्या की रंभाजींना वाईटही वाटलं आणि जरा बरंही. त्या ताट घ्यायला पुढे गेल्या.

रंभाजींच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. मांडवाचा मालक कानिफनाथ मागच्या रांगांतल्या खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत होता. रंभाजी टॉवेल सावरत त्याच्यापाशी गेले. लाज वाटत होती. पण हे विचारल्याशिवाय त्यांना घास गेला नसता.

“कानिफ, खरं सांग. ह्या खुर्च्या लावायला तुला कुनी सांगितलं?”

“कुनी म्हंजी?”

“गावातल्या कुनी? कालच्या त्या मोबाईलवरच्यावरनं?”

“कुठल्या मोबाईलवरच्या?” कानिफनाथने खुर्च्यांची चळत टेम्पोत ढकलली आणि घाम पुसला. “नाना, सतरंज्या लई मळत्यात. अन् धुवायला मानूस मिळत न्हाई.”